सोजरमावशींच्या तीन ताटल्या

सोजरमावशींना गाडी चालवता येत नव्हती आणि लिहिता-वाचताही येत नव्हतं. तरी आमच्या महिला दूध संस्थेची जीप रोज सकाळी त्यांच्या परवानगीशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. इकडे दूध मोजून कॅन भरत, तिकडे मावशी बॉनेट उघडायला लावत. इंजिनात बुडालेली ऑईलची पट्टी ओढून काढत, चिंधीनं पुसत, पुन्हा बुडवत आणि उन्हाकडं धरून बघत. एवढ्यानं भागत नसे. टोकावरचा थेंब अंगठ्यानं बोटावर चोळत, नाकाशी नेत. ड्रायव्हर दगडू तोवर तोंड पाडून उभा. "बरी हाय आज," असं त्या म्हणाल्या की मगच तो चावी फिरवायचा. "म्हशीचं पोट शेणावरून कळतंय, हिचं तेलावरून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या संस्थेच्या चेअरमन. गाव त्यांना चेरमनबाई म्हणे, मी मावशी. मी सचिव म्हणून लागलो तेव्हा अंबाजोगाईहून बी.कॉम. होऊन नुकताच आलो होतो. आमच्या घरात सहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. आई-वडील दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्याकडं जायचे. त्यामुळं पदवीचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी कधी लपवला नाही. मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून गेलो. मावशींनी ती उघडलीसुद्धा नाही. कपाटातून एक तेलकट पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. जीप सरकारी लिलावात घेतलेली. तिच्याबरोबर आलेलं हे इंग्रजी पुस्तक तेव्हापासून कुणी वाचलेलं नव्हतं.

"ह्ये वाचता येतंय का?"

"येतं की."

"मग वाच. काय कदी बदलायचं तेवढं सांग."

दिवस कलेपर्यंत मी वाचून दाखवलं. इंजिनचं ऑईल इतक्या किलोमीटरला, गिअरचं इतक्याला, ब्रेकचं तेल दोन वर्षांनी. शेवटी बारीक अक्षरात एक टीप होती: रस्ता धुळीचा असल्यास हे अंतर निम्मं धरावं. मावशी हसल्या. "आपल्या रस्त्यावर बसून लिवलं असतं तर ही टीप पयल्या पानावर आली असती. निम्मंच धर." त्या दिवसापासून मी त्यांचा 'बीकाम' झालो, आणि नोकरीही पक्की झाली.

जीपचा किलोमीटरचा आकडा मात्र केव्हाच बंद पडलेला. मावशींनी ऑईलच्या रिकाम्या डब्यात चिंचोके टाकायला सुरुवात केली, एका खेपेला एक. मोजून गुणाकार करायचं काम माझं. ऑईल बदलायची वेळ आली की दगडूची कुरकुर सुरू व्हायची. "मावशी, चालतंय तवर चालू द्या की. ह्या बुढीला कशाला एवढे लाड?"

"बुढी हाय म्हनूनच. तरण्या गाडीनं एखादा दिस उपास काढला तर चालतंय."

हा 'चालतंय तवर' शब्द त्यांना सोसत नसे, आणि त्याला कारण होतं. जीपच्या आधी संस्थेकडं एक टेम्पो होता. चालतंय, चालतंय म्हणत कुणी त्याचं ऑईल बघितलंच नाही. एका सकाळी तो घाटात जाम झाला आणि अख्ख्या गावाचं दूध उन्हात नासलं. ते नाल्यात ओतताना मावशी तिथं उभ्या होत्या. "चार वाजता उठून बायांनी धारा काढलत्या," त्या सांगायच्या. "त्यांच्या दारावरून जायला मला तोंड नव्हतं."

मग तो दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीत गेली, बायाही छावणीतच राहायला लागल्या. दुधावर घरं चालत होती, दुसरं काही येतच नव्हतं. गावात चौथ्या दिवशी टँकर यायचा. नेमका त्याच उन्हाळ्यात जीपचा तापमानाचा काटा चढायला लागला. छावणीतून दूध घेऊन शीतकरण केंद्राला जायचं तर मध्ये घाट. अर्ध्या घाटात इंजिन तापायचं, दगडू वडाखाली गाडी थांबवून फडक्यानं वारा घालत बसायचा आणि मागं कॅनमधलं दूध तापत राहायचं. एकदा तर केंद्रावर दूध नासायच्या बेतात पोचलं.

मेकॅनिकनं रेडिएटर उघडला. आतल्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजून गेलेल्या. "बोअरचं पाणी घालून घालून ही गत झाली," तो म्हणाला. "सोड्यानं धुऊन देतो. पण मग चांगल्या पाण्यात कुलंट, इंजिन गार ठेवायचं औषध, मिसळूनच भरा. परत बोअरचं घातलं तर महिन्याभरात मला बोलवाल."

माझ्या पुस्तकातही तेच होतं: पाणी क्षार नसलेलं हवं. मी लगेच निकाल लावून टाकला. बोअर खारट, म्हणजे चांगलं पाणी टँकरचं. शेवटचं खळबळून धुवायला आणि भरायला दोन हंडे लागतील. मावशींना न विचारता मी हे बैठकीत जाहीर केलं आणि जुन्या गाडीचा घसारा म्हणजे काय, यावर बोलायलाही लागलो.

रुक्मिणबाई संचालक होती. तिच्या सात म्हशी छावणीत आणि जीभ कुणाला न भिणारी. "ओ बीकाम, दोन हंड्यात माझं घर दिवस काढायलंय. आन तुमी गाडीला पाजायलाव?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आपला घसा वाळलाय आन ह्यो घसारा सांगायलाय."

सगळ्या हसल्या. पाऊस पडेपर्यंत थांबा, असंच सगळ्यांचं मत पडलं. मी मावशींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "टँकरच्या पाण्याला कुणी हात लावायचा न्हाई. मला आठ दिस द्या. तवर दगडू अंधारात निघंल, ऊन व्हायच्या आत घाट चढंल."

बैठक संपल्यावर मी रागानं विचारलं, "पुस्तकात लिहिलेलं खोटं आहे का?"

"बुक खरं हाय," त्या म्हणाल्या. "टँकरचं पाणी तू कदी वाळवून बघितलंस का?"

पाणी वाळवून बघायचं असतं, हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मावशी जीपबरोबर रोज शीतकरण केंद्राला जाऊन आल्या. येताना एक झाकलेला कॅन त्यांच्यापाशी असायचा. आत काय आहे, ते दगडूलाही सांगितलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी भर दुपारी छावणीत बैठक बोलावली. दगडावर स्टीलच्या तीन ताटल्या मांडल्या आणि तीन तांब्यांतून एकेकीत ओंजळभर पाणी ओतलं. "ह्ये बोअरचं, ह्ये टँकरचं, आन ह्ये माझं. बसा आता."

बाया कापडाच्या सावलीत बसल्या. कुणी मिश्री काढली, कुणी लेकीच्या सोयरिकीचं सुरू केलं. रुक्मिणबाई म्हणाली, "लई सभा बघितल्या, पण पाणी वाळायची वाट बघायची ही पयलीच." आमच्याकडच्या उन्हाला मात्र अशा कामात नाव ठेवता येत नाही. चहा होऊन सगळ्यांना मिळेपर्यंत ताटल्या कोरड्या ठणठणीत.

बोअरच्या ताटलीवर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर. टँकरच्या ताटलीवर थर पातळ, पण पांढराच. तिसरी ताटली लख्ख, आत्ता घासून ठेवल्यासारखी.

"बीकाम, कंचं घालायचं?"

"तिसरं," मी म्हणालो. माझे दोन हंडे मला त्या मधल्या ताटलीत स्पष्ट दिसत होते.

मग मावशींनी सांगितलं. केंद्रावर दूध गार करणाऱ्या नळ्यांना दिवसभर घाम सुटतो. तो ठिबकून गटारात जातो. "कॅन धुतेत तिथली फरशी पांढरी पडलीय. नळ्याखालची कोरी. मी म्हनलं, ह्या पाण्यात क्षार न्हाई. तितल्या सायबाला इचारलं, कॅन ठिवू का? त्यो म्हनला, न्या की." मी बिलं घेऊन पंधरा दिवसाला तिथं जायचो. त्याच ठिबकणाऱ्या नळ्यांखालून, पॅन्ट भिजू नये म्हणून अंग चोरून.

रुक्मिणबाईनं ताटलीवर बोट फिरवून बघितलं. "एवढं चोख पाणी आमाला कावून पाजीनात मग?"

"पी की. पन मग कुलंट बी तुलाच घालावं लागंल."

छावणीत इतकं हसू त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच झालं असेल. ठराव एकमतानं झाला. वहीत मी लिहिलं: जीपचे रेडिएटर साफ करून केंद्रावरील नळ्यांचे पाणी व कुलंट भरणे. सूचक सोजरबाई. अनुमोदकाचं नाव विचारण्याआधीच रुक्मिणबाईनं अंगठा पुढं केला.

मावशी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात दवाखान्यात बघायला गेलो तेव्हाही सलाईनची बाटली दाखवून नर्सला विचारत होत्या, "ही कदी बदलायची?" पण मला त्या आठवतात त्या जीप धुऊन भरल्यानंतरच्या पहिल्या खेपेतल्या. त्या दिवशी मुद्दाम ऊन चढल्यावर निघालो, परीक्षा व्हावी म्हणून. मावशी मागं कॅनांमध्ये बसल्या, मी त्यांच्या शेजारी. दगडूजवळ पुढं रुक्मिणबाई. काटा बघायचं काम तिच्याकडं दिलेलं.

"काटा कुटं हाय?" घाट लागताच मावशींनी विचारलं.

"मदी."

पुढच्या वळणावर, "आता?"

"मदीच हाय, बाई. तुमी कॅन धरा."

वडाचं झाड आलं. दगडूनं सवयीनं पाय ब्रेकवर नेला आणि गाडी हळू झाली. मावशी काही बोलायच्या आतच पुढून रुक्मिणबाईचा आवाज आला, "कावून थांबायलास रं? चल. मागं दूध हाय."

दगडूनं गिअर टाकला आणि वड मागं पडला.