खिडकीतून काढलेली वायर

मीटरवाल्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या रुमालामुळे. आमच्या जुन्या गाडीचा मीटर त्याने बाहेर काढला आणि टेबलावर ठेवण्याआधी खाली घडीचा रुमाल अंथरला. पन्नाशीचा माणूस, पण हात असा की तान्ह्या बाळाला निजवतोय.

गॅरेज दोघा भावांचं. थोरला गाड्यांचं वायरिंग करी. हा धाकटा कोपऱ्यातल्या टेबलावर मीटर दुरुस्त करी. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच त्याला हाताशी धरून काम शिकवलं. दादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं.

माझी तक्रार एवढीच, की इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा गाडी सुरू झाली की थरथरायचा, मधेच भलत्याच आकड्यावर उडी मारायचा. तीनदा त्याने मीटर उघडला. टेबलावर काटा शहाण्यासारखा वागे. गाडीत बसवला की पुन्हा तेच.

"बाईंची ही चौथी खेप," थोरला माझ्यादेखत त्याला म्हणाला. "शोभतं का? उद्यापर्यंत नाही जमलं तर हे टेबल उचलायचं. नवे मीटर आणून बसवत जाऊ."

"एक दिवस दे, दादा."

"एकच. तुझा दिवस आठवड्याचा असतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्याने मीटरची अर्थिंग बदलली होती, मीटरला वेगळी बॅटरीही जोडून पाहिली होती. काटा थरथरतच होता. मग त्याने एक लांब वायर घेतली, इंजिनापासून मडगार्डवरून आणि खिडकीतून आत आणून मीटरला जोडली.

"बाई, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा."

काटा चढला, उतरला, पण कुठे थरथरला नाही. मला आनंद झाला. त्याचा चेहरा मात्र उतरला.

मीटर निर्दोष होता. दोष होता जुन्या वायरच्या वाटेत. सहा महिन्यांपूर्वी थोरल्याने गाडीचं सगळं वायरिंग नव्याने केलं होतं आणि साऱ्या वायरी एका जुडग्यात वेणीसारख्या बांधल्या होत्या. त्यात मीटरची बारीक वायर प्लगांना ठिणगी देणाऱ्या जाड वायरींना चिकटून गेली होती. प्रत्येक ठिणगीचा धक्का तिच्यात उतरत होता.

"सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"कसं सांगू? दादाची बांधणी बघायला लोक मुद्दाम बॉनेट उघडायला लावतात, बाई."

तेवढ्यात थोरला आला. "हे काय, कपडे वाळत घालायचेत?"

मग त्याची नजर वायरीमागून मीटरपर्यंत गेली. तो गाडीत बसला. लांब वायर काढून त्याने जुनी जोडली, काटा पाहिला. पुन्हा लांब जोडली, पुन्हा पाहिला.

"मीटरमध्येच थोडं होतं, दादा. मी बघतो."

"गप रे. मला वायर शिकवतोस?"

थोरला उतरला. खिशातली सुरी काढून त्याने आपलीच बांधणी या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली, मीटरची वायर बाजूला ओढून घेतली.

"बाई, सहा महिने याला बोल लावले. चूक माझ्या हातची होती." मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, "टेबल राहू दे."

थोरला गेल्या वर्षी वारला. आता मीटरवाला वायरिंगही करतो. एकट्याला दिवसभर झेपत नाही; गॅरेज दुपारी दोनला बंद होतं.