अक्कांचं राहतं घर
घरपट्टीचं बिल आलं की धुळ्यातल्या शेजारच्या अक्का आठवतात. सैनिकाच्या विधवेला राहत्या घराची घरपट्टी माफ होते, म्हणून त्यांच्या मुलानं अर्ज केला होता. पाहणीला महापालिकेचे साहेब आले, साक्षीला मी होते. "अक्का, तुम्ही इथंच राहता ना?" मुलगा 'हो' म्हणायच्या आतच अक्का बोलल्या, "मी आठे नही ऱ्हास, भाऊ. मांगे पत्रानी खोलीमा ऱ्हास." आम्ही मागं गेलो. तापलेल्या पत्र्याखाली खाट, स्टोव्ह आणि नवऱ्याचा वर्दीतला फोटो. भिंतीला भिंत लागून राहूनही मला हे ठाऊक नव्हतं. माफी मिळाली नाही. त्याच संध्याकाळी अक्का मुक्ताईनगरला लेकीकडे गेल्या. परवा तिथं भेटल्या, तेव्हा घराचं नावही काढलं नाही. लेकाबद्दल एवढंच विचारलं, "मना पोऱ्या बरा शे ना?"