साधा मेसेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता सांगतेय तर मध्ये थांबवू नका — थांबले की राहूनच जाईल.

आमच्या आनंद नगरच्या मराठी मंडळाचा मोबाईलवर ग्रुप आहे. बैठक असली की निरोप तिथेच पडतो. चार वर्षांपूर्वी त्यात नव्हत्या त्या एकट्या कुसुमताई. त्यांच्याकडे बटणांचा फोन, नेट नाही. त्यांना साधा मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

कुसुमताई नागपूरच्या, यजमानांच्या सरकारी नोकरीपायी इथे हिंदी मुलखात आलेल्या. गणपतीत मुलांचं नाटक त्याच बसवायच्या. दिवसभर हिंदीत बोलणाऱ्या पोरांकडून एकेक 'ळ' घोटून घ्यायच्या. सगळे त्यांचं कौतुक करायचे. आणि मी? मी पडदा ओढायचे. अकरा वर्षं पडदाच ओढला. जळायचे हो, दुसरं काय!

त्या वर्षी नाटक कोणी बसवायचं ते ठरवायला बैठक होती. मी मेसेज लिहिला — रविवारी पाच वाजता, नक्की या — आणि पाठवलाच नाही. विसरले म्हणू? नाही. बोट बटणावर होतं, ते मी उचललं.

ग्रुपवर असतं तर निळ्या खुणांनी मला उघडं पाडलं असतं. साध्या मेसेजचं तसं नाही. गेला की नाही, वाचला की नाही, कोण बघतंय? बैठकीत विचारणा झाली तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी कळवलं होतं, त्यांना आता झेपत नसेल. नाटक माझ्याकडे आलं.

एवढ्यावर थांबले असते तरी — तरी काय? थांबले नाहीच.

दोन दिवसांनी कुसुमताई फोन घेऊन घरी आल्या. "पाहून दे ना जरा, बिघडला का हा? तुझा मेसेज आलाच नाही. सगळ्यांना वाटलं, मी मुद्दाम नाही आली." डोळे भरून आले होते त्यांचे. मी फोन घेतला, उगाच बटणं दाबली आणि म्हटलं, यातली मेसेजची जागा भरली होती. त्यांनी उलट माझीच माफी मागितली. आणि मी काय केलं? चहा टाकला.

पुढच्याच महिन्यात त्यांनी स्मार्टफोन घेतला. ग्रुप कसा वापरायचा ते मीच शिकवलं. नाटक त्यांनी परत कधी मागितलं नाही.

तेव्हापासून ग्रुपवर काहीही येवो — बैठक, वाढदिवस, पाण्याचा टँकर — खाली पहिलं उत्तर कुसुमताईंचं असतं: मिळाला. पोरं हसतात, बायका हसतात. त्या असं का लिहितात ते फक्त मला ठाऊक आहे.

दोनदा सांगायला म्हणून त्यांच्या घरी गेले, दोनदा शेपूट घालून परतले. आता बास. खोटं चारचौघांत बोलले, तर खरंही चारचौघांतच. हे सगळं, आत्ता सांगितलं तसंच लिहून, मी आज ग्रुपवर टाकणार आहे. कुसुमताई, तुमचा फोन बिघडला नव्हता. मेसेज मी पाठवलाच नव्हता.

मग मला कोण काय म्हणेल, नाटक कोणाकडे जाईल — जे व्हायचं ते होईल. एवढं मात्र मला माहीत आहे, बाकी सगळे गप्प बसतील, आणि खाली एकच शब्द येईल. मिळाला.