रिकाम्या पेटीचे ठोके

हॉस्पिटलात तिला सगळे रिस्टार्टताई म्हणत. कुणाचाही कॉम्प्युटर अडला की फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा बंद करून चालू करा बरं." निम्म्या वेळा तेवढ्यावर भागायचं. जिन्याखालच्या खोलीत वायरींच्या गुंत्यात ती बसे; डबा उघडायचा तरी आधी दोन की-बोर्ड बाजूला सारावे लागत. बाई मुळात घाबरट. घराला कुलूप लावून खाली उतरली की परत वर जाऊन ओढून बघायची. नवरा चिडवायचा, "त्या कुलपाची तरी अब्रू ठेव!"

त्या आठवड्यात सूचना आली, की कॉम्प्युटरमध्ये चोरांना शिरता येईल अशी एक फट सापडली आहे. दुसऱ्या एका हॉस्पिटलचं सगळं काम अशाच चोरांनी ठप्प केलं होतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिनं सगळीकडे सुरक्षेचा अपडेट टाकला. काचेच्या पेट्यांतल्या नवजात बाळांच्या विभागातही. तिथला मोठा पडदा बंद होऊन पुन्हा उजळला, प्रत्येक पेटीपुढे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचे आकडे आले. आकडे दिसले तशी ती खाली गेली.

दुपारी फोन वाजला. तिची नणंद त्याच विभागात सिस्टर होती.

"वहिनी, वर ये. आत्ताच्या आत्ता."

"अगं, एकदा बंद करून..."

"ऐक ना! चौथ्या पेटीतलं बाळ मी त्याच्या आईकडे दिलंय. पेटी रिकामी आहे. आणि पडद्यावर तिचे ठोके दिसतायत."

फोन टाकून ती जिन्याकडे धावली. पडदा बंद पडला असता तर कुणीही ओरडलं असतं. हा तर सकाळचेच आकडे धरून बसला होता. बाळं दचकू नयेत म्हणून पेट्यांजवळच्या यंत्रांचे आवाज बारीक ठेवलेले. सगळ्यांची भिस्त या पडद्यावर.

ती धापा टाकत वर पोचली. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"मी सकाळी अपडेट टाकला, तेव्हापासून असणार."

डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. "प्रत्येक पेटीशी एक जण उभा राहा. पडद्याकडे कुणी बघायचं नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेटीपासून नणंदेचा आवाज आला, "डॉक्टर, हिचे ओठ निळे पडलेत!"

डॉक्टर धावले. बाळाचे बोटभर तळपाय चोळू लागले.  रिस्टार्टताई भिंतीला टेकली.  मग मांजराच्या पिल्लासारखं बारीक रडणं ऐकू आलं.

"श्वास आला. तुम्ही तुमचं बघा," डॉक्टर म्हणाले.

ती पडद्याच्या कॉम्प्युटरशी बसली. कारण सापडलं. अपडेटनं आतला पहारा कडक केला होता, आणि पेट्यांकडून येणारे निरोप तो परके समजून दारातच अडवत होता. अपडेट काढला तर फट उघडी राहणार. तिनं आधी बाहेरच्या जगाशी जोडणारी तार उपटली, मग अपडेट काढायला लावला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. हा आता उठलाच नाही तर? मनातल्या मनात ती त्याला आईच्या आईपर्यंत सगळ्यांच्या शपथा घालत होती.

अखेर आकडे आले. तिला ते खरे वाटेनात. "एका बाळाच्या पायाची ठोके मोजणारी पट्टी काढून बघ," ती नणंदेला म्हणाली. पट्टी काढताच पडद्यानं कर्कश भोंगा वाजवला. तिला रडू फुटलं.

पडदा बनवणाऱ्या कंपनीनं पुढे दुरुस्ती पाठवली. तोवर ते मशीन बाकीच्यांपासून तोडून ठेवलं होतं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून विचारलं, "अपडेट टाकलाच नसता तर?"

"चोर आले असते."

"आणि टाकला तर हे."



आता नवा अपडेट आला की ती स्वतः वर जाते, प्रत्येक पेटीतल्या बाळाची पट्टी काढायला लावते, भोंगा ऐकूनच खाली येते. तरी जिन्याखालचा फोन वाजला की आता तिचं पहिलं वाक्य असतं, "कुठून बोलताय?"

कोपऱ्यातली ती मुलगी बाळसं धरून घरी गेली. डॉक्टरांनी तिच्या आईला सगळं खरं सांगितलं होतं. जाताना ती बाई दुपट्यातलं बाळ घेऊन जिन्याखाली आली.

"आता सगळं नीट आहे ना हो, ताई?"

"हो" म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"आत्ता तरी आहे," ती म्हणाली, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला उठली.