एकेचाळिसाव्या पानावरचा पंख

आधीच सांगतो, भुताखेतांचे किस्से रंगवणाऱ्यांची मी कायम टिंगलच करत आलोय. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं... आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

दोन हजार सहाची गोष्ट. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात मी वर्क व्हिसावर होतो. काम — बंद पडलेल्या विमान कंपनीची जुनी कागदपत्रं, ती कंपनी विकत घेतलेल्या क्लायंटसाठी, स्कॅन करणं. त्यात पन्नासच्या दशकातल्या, ब्रिटिश नौदलासाठीच्या एका प्रायोगिक बॉम्बरची फाइल होती. विमानवाहू जहाजावर मावावं म्हणून त्याचे पंख दुमडायचे. एकच विमान बनलं, तेही चाचणीत समुद्रात कोसळलं. वैमानिक आणि त्याचे दोन सोबती गेले. अहवाल म्हणतो, वैमानिकाने उघडलेले पंख पक्के धरणारं लॉक तपासलं नाही.

त्या वैमानिकाची मुलगी जीन, पासष्टीची, दर बुधवारी फाइलची चौकशी करायला यायची. एकदा मला म्हणाली, "आई मरेपर्यंत हेच म्हणायची — त्या दोन पोरांना तुझ्या बापाने मारलं."

एका मंगळवारी, भर दुपारी, मी अहवालाचं एकेचाळिसावं पान स्कॅनरवर ठेवलं. नुसता टाइप केलेला मजकूर. स्क्रीनवर मात्र उमटलं पंखाच्या सांध्याचं ड्रॉइंग! कडेला पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलेलं — लॉकची पिन पुन्हा तुटली. वर सांगितलं. तरी उद्या उड्डाण.

पान उलटून पाहिलं, मागे कोरं. पुन्हा स्कॅन केलं, तर मजकूरच आला. ड्रॉइंगवरचा नंबर कंपनीच्या जुन्या रजिस्टरमध्ये शोधला. सापडला. पुढे शेरा : 'नष्ट केले.' अपघातानंतर दोनच दिवसांनी!

मी त्या पहिल्या स्कॅनची प्रिंट काढली आणि मॅनेजर बापटसरांना बोलावलं. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला.

"डिलीट कर."

"सर, तीन माणसं मेलीत! आणि दोष त्या बिचाऱ्यावर..."

"अरे, क्लायंटची फाइल आहे. तू इथे व्हिसावर आहेस. नसती उठाठेव कशाला?"

आणि माझ्याच हातातला माउस घेऊन त्यांनी ते पुसून टाकलं.

बुधवारी मी प्रिंट जीनच्या हातात ठेवली. ती रडली नाही. टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "हे बाबांचं अक्षर आहे."

तिने क्लायंटला लिहिलं. उत्तर आलं — मूळ कागद अस्तित्वात नाही, सबब विचार करता येत नाही. महिन्याभरात माझं कॉन्ट्रॅक्टही संपवलं. जीनने आईच्या कबरीपाशी उभं राहून तो कागद मोठ्याने वाचला. मी सोबत होतो.

नष्ट केलेला कागद स्कॅनरला कुठून दिसला, मला आजही सांगता येत नाही. पण ज्याने तो नष्ट केला, त्याला तर तो दिसला होता ना?