माझा मेव्हणा आणि आडवी रेघ

माझ्या एकुलत्या एका मेव्हण्याला मी एका वाक्यात रेड इंडियन करून टाकलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सुमनचा (म्हणजे आमच्या हिचा) धाकटा भाऊ वसंत शिकागोला इंजिनियर. तिथलं नागरिकत्व नुकतंच मिळालेलं. लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा काढून तो रत्नागिरीला आमच्याकडे यायचा होता. राजापूरच्या एका काजू बागायतदारांची मुलगी नलिनी सुमनच्या मनात भरली होती. तिच्या वडिलांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कचेरीत बारा वर्षं मसुदे लिहीत होतो. साहेब म्हणायचे, तुमच्या मसुद्यात शब्द कमी आणि घोटाळे जास्त! (मी पहिला अर्धाच भाग लक्षात ठेवला होता.)

'मुलगा जन्माने भारतीय, पण नागरिक अमेरिकेचा' हे मला पाल्हाळिक वाटलं. मी झोकात लिहिलं, 'मुलगा अमेरिकन इंडियन आहे.'

वसंत आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने नलिनीचे वडील हजर! बरोबर त्यांचे थोरले बंधू, भूगोलाचे निवृत्त मास्तर. मास्तरांनी वसंतला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं. केसांवर जरा जास्तच वेळ.

"तिकडे राहता कसे? तंबूत?"

"तंबूत?" वसंत खूश झाला. "हो, उन्हाळ्यात आठ दिवस. फार मजा येते!"

मास्तरांनी भावाकडे पाहिलं.

"शिकार करता?"

"छे हो. नदीत मासे पकडतो, तिथेच भाजून खातो."

"घोडा?"

"एकदाच बसलो. पडलो!"

वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मास्तरांनी आवाज खाली आणला. "आणि ती डोक्याला पिसं लावतात, ती रोज की फक्त लग्नात?"

"इश्श! पिसं कसली?" सुमन स्वयंपाकघरातून धावत आली. "आमच्यात मुंडावळ्या बांधतात!"

मग नलिनीच्या वडिलांच्या खिशातून माझं पत्र निघालं. वसंतने ते वाचलं आणि तो हसून हसून खुर्चीतून घसरला.

"भावोजी, अमेरिकन इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी! एक दर्यावर्दी वाट चुकला आणि त्यांना इंडियन म्हणून बसला."

(ती चूक एवढ्या वर्षांनी पुन्हा करणारा, आणि तीही घरबसल्या, मीच!)

"मग उलटं लिहितो," मी म्हटलं. "इंडियन, मध्ये आडवी रेघ, पुढे अमेरिकन."

"त्या रेघेवरूनही तिथे पूर्वी टोमणे मारायचे. जर्मन-अमेरिकन, आयरिश-अमेरिकन म्हटलं की, याची निष्ठा नक्की कुठे, असा संशय. आता लोक हौसेने लावतात. काही जण मुद्दाम गाळतात."

"ते असू दे," नलिनीचे वडील म्हणाले. "माझी मुलगी रेघेच्या अलीकडे राहणार की पलीकडे?"

वसंतचं हसू थांबलं. "खरं सांगू? तिकडे मी सगळ्यांचा इंडियन. इथे कालपासून जो तो अमेरिकन म्हणतोय. नुसतं वसंता म्हणणारी एक ताईच."

सुमन पटकन आत वळली. वडिलांनी बशी पुन्हा उचलली. "रविवारी राजापूरला या," ते म्हणाले.

गेलो. नलिनीने चहा दिला आणि विचारलं, "ते पत्र कोणी लिहिलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सुमनने दोन्ही हातांची.

"मी वाचनालयातून पुस्तक आणून त्या लोकांबद्दल वाचलं," नलिनी म्हणाली. "फार सोसलंय हो त्यांनी. मी बाबांना सांगितलं, मुलगा त्यांच्यातला असला तर असू दे. आधी भेटू तरी."

वसंत तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा चहा गार झाला आणि लग्न ठरलं.

लग्नाच्या मांडवात मास्तरांनी माझी ओळख प्रत्येक पाहुण्याला एकाच वाक्यात करून दिली. "हे मुलाचे भावोजी. माणूस गुणी आहे, लिहीत नसला की!"