हलगी गेटवर वाजणार नाही

हलगी पहिल्यांदा घरी आणली त्या सकाळी अण्णा फिरायला गेले होते. मी ती स्वयंपाकघरात गॅसच्या बारीक आचेवर धरून गोल फिरवत होते. बकऱ्याचं कातडं गारठलं की सैल पडतं, आवाज बसतो. शेकलं की ताणतं, मग नुसतं बोट मारलं तरी खणखणतं. आई दाराशी उभी राहून म्हणत होती, "आत्ता येतील ते. बंद कर." मी बंद केला नाही. लपवून वाजवायची असती तर हलगी घेतलीच नसती.

अण्णांनी दार उघडलं आणि चपला काढता काढता थांबले.

"कातडं कोण तापवतंय?"

ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तोवर एकही चामड्याचं वाद्य आलं नव्हतं, तरी माझ्या वडिलांना तो वास दारातूनच ओळखू आला. ते आत आले, माझ्या हातातल्या हलगीकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हे घरातून गेलं पाहिजे."

"नाही जाणार," मी म्हटलं.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. महाप्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. अण्णांना नाही म्हणायची ती काही पहिली वेळ नव्हती. लग्नाला नाही म्हटलं होतं, बँकेच्या परीक्षांना नाही म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा चार दिवस रागावून ते हसले होते. या वेळी हसले नाहीत.

हलगी मला भेटली ती चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, रबाळ्याला. डीजेच्या दोन गाड्यांच्या मधे निळ्या साड्या नेसलेल्या दहाबारा बायका हलग्या वाजवत चालल्या होत्या. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लवचीक बारीक काडी. टिपरू ठोका धरतं आणि काडी त्याच्याशी भांडत राहते. डीजेचा आवाज छातीवर आदळत होता, पण ऐकू येत होती ती काडी. मी त्यांच्याबरोबर चालत राहिले. अण्णा माझ्यासोबतच होते, ते मात्र रस्ता ओलांडून पलीकडे गेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्याच मिरवणुकीत आपल्याच पोरी." त्याच आठवड्यात मी त्या बायकांचा क्लास शोधून काढला. घणसोलीत, एका हॉलमध्ये, दर रविवारी.

हलगी घरात आली त्या संध्याकाळी अण्णांनी मला समोर बसवलं आणि मराठवाड्यातल्या आमच्या गावाबद्दल कधी न सांगितलेलं सांगितलं. माझे आजोबा हलगी वाजवत. वरातीपुढे, मयतापुढे, पोळ्याच्या बैलांपुढे. हौस म्हणून नाही, गावाची सक्ती म्हणून. अंगात ताप असला तरी जायचं, घरात मढं पडलेलं असलं तरी जायचं. वरात मांडवात शिरली की हलगीवाले बाहेर. जेवणं उरकली की उरलेलं त्यांना.

"मी नववीत व्हतो," अण्णा म्हणाले. "वस्तीनं ठरवलं, बास. एका लग्नाला कुणीच गेलं नाही. सगळ्यांनी आपापल्या हलग्या आणल्या, ढीग केला आन् पेटवला. लाकडाचं कडं लगेच जळतं. कातडं जळत नाही, आधी आक्रसतं. वास दोन दिवस जात नव्हता."

मग गावानं काम बंद केलं, गिरणीवाल्यानं दळण घ्यायचं बंद केलं. आजोबा तालुक्याला विटा वाहायला गेले. अण्णा शाळा संपवून नावड्याला आले, तळोज्याच्या केमिकल कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

"त्यांनी काय सोसून सोडलं ते कळलं ना? आता सांग, कामून पाहिजे तुला?"

"तुमच्यावर जबरदस्ती होती म्हणून तुम्ही जाळली. माझ्यावर कुणाची जबरदस्ती आहे?"

"तुझ्यावर नाही. पण बघणाऱ्याची नजर तीच हाय. तू हातात धरली की तू कोण ते त्याला लगेच कळतं."

"कळू दे. मी लपवते कुठे?"

त्यावर ते उठून गेले. हलगी घरातच राहिली. मी रविवारी गच्चीवर सराव करायचे आणि त्या वेळात अण्णा खाली बागेत जाऊन बसायचे. बोलणं बंद नव्हतं. हलगीचा विषय तेवढा बंद होता.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एक कल्पना काढली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, उत्साही, मदतीला धावणारे. प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी दरवर्षी सिनेमातल्या गाण्यांवर नाच होतात, त्याऐवजी या वेळी प्रत्येकानं आपल्या मुलखाचं वाद्य आणायचं. हळूहळू एकेक जण पुढे आला. तळमजल्यावरचे तमिळ काका मोरसिंग वाजवायचे. लोखंडाची एवढीशी चीज दातांत धरतात आणि तिची जीभ बोटानं छेडतात. मालवणकडच्या एका आजोबांकडे घुमट होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा मातीचा घडा, एका तोंडाला कातडं ताणलेलं. चौथ्या मजल्यावरची मणिपूरची नर्स पेना आणणार होती. करवंटीचं पोट, एकच तार, आणि गजाला बारीक घुंगरं. ती सांगायची की तिच्याकडे पूर्वी हे पुरुषच वाजवायचे. मी माझं नाव दिलं.

सेक्रेटरींनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, तुमचं एकदम भारी होणार. तुम्ही गेटवर. पाहुण्यांची गाडी आली की तुम्ही पुढे, पाहुणे मागे, स्टेजपर्यंत वाजवत आणायचं. एंट्रीच जबरदस्त."

"पेना कुठे वाजणार?"

"स्टेजवर."

"घुमट?"

"स्टेजवरच. का?"

"मग हलगी गेटवर का?"

"ते कसं आहे, हलगी म्हणजे स्वागताचं वाद्य. पुढे चालतच वाजवतात ना ती. आमच्याकडे गावाला तसंच असतं."

"तुमच्याकडे गावाला कोण वाजवतं?"

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, पुन्हा सुलटा केला. "तुम्ही विषय भलतीकडे नेताय. मी कलेबद्दल बोलतोय."

"मीपण कलेबद्दलच बोलतेय. हलगी गेटवर वाजणार नाही. स्टेजवर वाजेल, बसलेल्या लोकांसमोर. नाहीतर माझं नाव काढून टाका."

"बघतो," ते म्हणाले. "एवढं टेन्शन घेण्यासारखं काही नाही, मॅडम."

मी घरी आले. आईला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होते, तर बाहेरून अण्णांचा आवाज आला.

"गेटवर म्हणला?"

"हो."

"पाव्हण्यापुढं?"

"हो."

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग ते दारात येऊन उभे राहिले. "मग नाव काढू नको."

"मी त्यांना म्हटलं, काढा."

"त्याला काढायचं असलं तर काढू दे, सगळ्यांच्या देखत. आपण काढायचं नाही."

"आणि हलगीचं?"

"हलगीचं माझं म्हणणं तेच हाय," ते म्हणाले आणि परत पेपर उघडला.

नाव निघालं नाही. पण ग्रुपवर कार्यक्रम आला तेव्हा माझा नंबर शेवटचा होता आणि पुढे कंसात लिहिलं होतं, भोजनादरम्यान. नर्सनं मला हिंदीत मेसेज केला, हे चालेल का तुला? मी लिहिलं, तू बघ काय होतं ते. खरं तर काय होणार हे मलाही ठाऊक नव्हतं.

सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी अण्णा सकाळच्या झेंडावंदनाचाच पांढरा शर्ट घालून खाली आले आणि दुसऱ्या रांगेत बसले. पाहुणे, म्हणजे वॉर्डातले एक पुढारी, आले तेव्हा स्पीकरवर तुतारीचं रेकॉर्डिंग लावलं होतं. मोरसिंग झालं. घुमटवाल्या आजोबांनी वाजवण्यापेक्षा जास्त वेळ सांगण्यात घालवला, की पूर्वी याला घोरपडीचं कातडं लावत, आता बंदी आहे, म्हणून बकऱ्याचं. लोक हसले, टाळ्या पडल्या. पेनाचा आवाज तर इतका बारीक की बागेतल्या झोपाळ्यांवरची पोरंसुद्धा गप्प झाली. मग निवेदिकेनं जाहीर केलं की पावभाजी तयार आहे, आणि त्याच दमात माझं नाव घेतलं.

मी स्टेजवर चढले तेव्हा समोर सगळ्या पाठी होत्या. लोक खुर्च्या सोडून स्टॉलकडे चालले होते. सेक्रेटरींनी खालून हात हलवला, करा सुरू. मी माईक घेतला.

"सगळ्यांनी सावकाश जेवून घ्या," मी म्हटलं. "मी थांबते. सगळे बसले की वाजवीन."

आणि निवेदिकेच्या खुर्चीत हलगी मांडीवर घेऊन बसले.

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी पायऱ्यांपर्यंत आले. "मॅडम, असं करू नका. पाहुण्यांना अजून दोन ठिकाणी जायचंय."

"जाऊ द्या त्यांना."

"लोकांना वाटेल तुम्ही रुसलात."

"रुसले असते तर घरी गेले असते. मी इथेच आहे."

स्टेजवर एकटीनं काही न करता बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड, हातांना काम नाही. माझ्या ऑफिसातली एक बाई आमच्याच सोसायटीत राहते, ती ताट घेऊन समोरून गेली आणि तिनं नजर वळवली. घरी निघून जावं असं मला एकदा नाही, अनेकदा वाटलं. दुसऱ्या रांगेत अण्णा बसले होते. आईनं आणून दिलेली प्लेट त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती. ते जेवले नाहीत, माझ्याकडे बघतही नव्हते. स्टेजच्या कडेला कुठेतरी नजर लावून बसले होते, बस.

तेवढ्यात हलगी गारठली. जानेवारीतली हवा, खाडीकडून येणारा ओलावा. बोट मारलं तर भद आवाज. स्टेजवर शेकायची सोय नव्हती. मी उतरले आणि हलगी घेऊन सरळ पावभाजीच्या स्टॉलवर गेले. रांग बाजूला झाली.

"भाऊ, तवा जरा सरकवता? हिला शेक द्यायचाय."

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा हलगीकडे पाहिलं आणि तवा दुसऱ्या शेगडीवर ठेवला. मी आच कमी केली आणि हलगी फिरवायला लागले. वास पसरला. एका बाईनं पदर नाकाला लावला. कुणीतरी म्हणालं, "इथे खाणं चाललंय, मॅडम." मी म्हटलं, "हो, माहितीये," आणि घाई केली नाही. कातडं पुरतं ताणेपर्यंत तिथेच उभी राहिले.

परत स्टेजवर गेले तेव्हा नर्स पहिल्या रांगेत येऊन बसली होती, प्लेट पायाशी ठेवून. घुमटवाले आजोबा आले. मग बी विंगच्या काही बायका आल्या. बाकीचे का आले कोण जाणे, बहुधा आता ही काय करते ते बघायला. पाहुणे निघून गेले होते. सगळे बसले नाहीत, पण खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. मी उभी राहिले.

वरातीचा ठेका मी धरला नाही. सुरुवात डाव्या काडीनं केली, कडेवर, अगदी हलकी. टिपरू बराच वेळ नुसतं हातात धरून ठेवलं. लोक वाट बघायला लागले तशी मी आणखी थांबले. मग टिपरू पडलं. समोरच्या दोन बिल्डिंगांच्या भिंतींवरून आवाज उलटा यायचा, आणि मी त्या उलट्या आवाजाच्या मधे काडी घालत गेले. कुणी उठून नाचायला लागेल अशी मला भीती होती. कुणी उठलं नाही. मी मला हवं तेवढं वाजवलं आणि मला हवं तिथे थांबले.

टाळ्या झाल्या. खूप नाही, पण झाल्या.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. अण्णा आकडे बघत म्हणाले, "वाजवायच्या आधी वाकली नाहीस."

"कुणापुढे वाकायचं?"

"तेच म्हणतोय," ते म्हणाले. "तुझा आजा आधी वाकायचा. वाकल्याबिगर सुरू करता येत नव्हतं."

आई रडत होती. अण्णा नाही.

पुढच्या मीटिंगला खाण्याच्या स्टॉलवर कातडं शेकल्याचा विषय निघाला. मी म्हटलं, बरोबर आहे, पुढच्या वेळी स्टेजशेजारी वेगळी शेगडी ठेवा. गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीपुढे वाजवाल का, असं कुणीतरी विचारलं. एकानं भावाच्या वरातीसाठी विचारलं. दोघांनाही मी नाही म्हटलं. चालत कुणाच्या पुढे वाजवणार नाही. बी विंगच्या दोघी आता माझ्याबरोबर घणसोलीला येतात. त्यातली एक ब्राह्मण आहे, एक आगरी. त्यांच्या घरांतही वाद झालेच.

अण्णांचं मत बदललेलं नाही. परवा जेवताना म्हणाले, "वाजवून जिंकलीस असं समजू नको. आम्ही जाळली म्हणून तुला मर्जीनं उचलता आली."

"खरंय," मी म्हटलं. "पण तुम्ही जाळून थांबलात. मला थांबायचं नाहीये."

"नको थांबू. माझी संमती मागू नको म्हणजे झालं."

"मी कधी मागितली?"

यंदाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली तसे सेक्रेटरी स्वतः घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग विचारलं की मला किती वेळ लागेल.

"अर्धा तास," मी म्हटलं.

"बाकीच्यांना दहा-दहा मिनिटं दिलीत, मॅडम."

"या वेळी आम्ही तिघी आहोत. आणि जेवणाच्या आधी."

त्यांनी कप खाली ठेवला, फोन काढला आणि लिहून घेतलं.